एकही मोडलं नाही

पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीमागे बत्तीस वर्षं बसलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? पार्सलबाई, बस्स. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी भाजीवाला अजून तेच म्हणतो आणि तीही निमूट ओ देते.

बाई तशी फटकळ. "पत्ता तुमच्या डोक्यात असून काय उपयोग, खोक्यावर हवा," असं भल्याभल्यांना सुनवायची. वर्षअखेरीच्या सुट्ट्या जवळ आल्या की तिच्या खिडकीवर बिस्किटांचे डबे सुरू व्हायचे. घरी भाजलेली बिस्किटं, कोणी बहिणीला पाठवतंय, कोणी मैत्रिणीला. आठवडाभर सगळ्या खोलीला लोण्याचा वास. असे हजारो डबे तिच्या हातून गेले आणि एकावरही तिचं नाव नव्हतं. हे तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. फटकळ माणसांचं हे असंच असतं बघा, नको ते फाडफाड बोलतील आणि जे बोलायला हवं ते गिळून बसतील.

मग यंदा मास्तरीणबाईंचं पत्र आलं. मास्तरीणबाई म्हणजे पूर्वी दरवर्षी तिच्या खिडकीवर पाच सारखे खोके घेऊन येणाऱ्या शिक्षिका, आता दूर लेकीकडे राहायला गेलेल्या. पत्रात लिहिलं होतं की आम्ही सहा जणी अकरा वर्षं एकमेकींना डझन डझन बिस्किटं पाठवतो. यंदा एकीचे डोळे अधू झाले, तिची जागा रिकामी आहे, येता का? खाली नियम होते. बिस्किटं घरचीच हवीत. पार्सलवर दहा तारखेचा शिक्का हवा. मिळाल्याची पोच लिहायची. आणि शेवटचा नियम असा, की नवीन बाईची बिस्किटं खाऊन मगच पुढच्या वर्षीची यादी ठरेल.

पार्सलबाईने पत्र तीनदा वाचलं आणि आरशाच्या कडेला खोचून ठेवलं. आपलं नाव त्या यादीत राहिलं पाहिजे, एवढंच तिच्या मनाने घेतलं. आता पंचाईत अशी की बाईने उभ्या जन्मात बिस्किट केलेलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर तिची भाची राहायची. तिच्याकडे ओव्हन होता आणि मावशीला सहन करण्याची ताकदही होती. महिनाभर दोघी दर रविवारी मैदा मळत बसल्या. पहिला घाणा इतका कडक झाला की भाची म्हणाली, "मावशी, ही पाठवलीस तर खोक्यावर 'नाजूक' लिहू नकोस." चौथ्या रविवारी मात्र जमलं. लोणी, पिठीसाखर, थोडी किसलेली संत्र्याची साल, आणि कडेला हलकासा तांबूस रंग. मावशीने एका बैठकीत सात खाल्ली.

खोके बांधायचं तिला कोणी शिकवायला नको होतं. पार्सलं कशी फेकतात हे तिला चांगलं ठाऊक होतं, स्वतःच फेकली होती की. दोन दोन बिस्किटं पाठीला पाठ लावून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची, डब्यात उभी रचायची, डबा खोक्यात, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. बांधलेला खोका तिने जिन्याच्या दहाव्या पायरीवरून खाली सोडून पाहिला. उघडला तर आत एक कणही सुटलेला नाही.

दहा तारखेला भाची सकाळीच कामाला गेली. जाताना म्हणाली, "गार झाली की भर." दोन घाणे करपले आणि बाईची दुपार त्यात गेली. शेवटचे ट्रे बाहेर आले तेव्हा तीन वाजत आले होते. पोस्टाची गाडी चारला निघते. हे घड्याळ बाईच्या हाडात मुरलेलं. बिस्किटांना वरून हात लावला, लागली बऱ्यापैकी गार. गुंडाळली, भरली, बांधली, धावत गेली. पावणेचारला पाचही खोक्यांवर शिक्का पडला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सहावा डबा भाचीसाठी ठेवला होता. तो चौथ्या दिवशी उघडला. बिस्किटं आख्खी होती, पण बोट लावलं तर चिखलात रुतावं तसं रुतलं. भाचीने एक तोडून पाहिलं. "मावशी, गरम भरलीस ना? आतली वाफ आतच राहिली."

बाईने पायात चपला सरकवल्या. तशीच पोस्टात गेली. खिडकीमागे आता तिनेच तयार केलेली मुलगी बसते. बाई म्हणाली, "माझी पाच पार्सलं परत हवीत."

मुलगी खाली बघत म्हणाली, "बाई, टपालाची पिशवी एकदा बांधली की बांधली. तुम्हीच शिकवलंत."

खरंच, किती रडवेल्या लोकांना हे वाक्य ऐकवून तिने खिडकी लावून घेतली होती. आज ते स्वतःला ऐकावं लागलं. ती घरी आली.

मग तिची पार्सलं येऊ लागली. पाच खोके, प्रत्येकावर तिचं नाव. एरवी ती नाचलीच असती. मेलं एकही धड बांधलेलं नव्हतं. एकीने बिस्किटं नुसती कागदी पिशवीत भरली होती, एकीच्या डब्याचं झाकणच निघालेलं. मास्तरीणबाईंच्या खोक्यात तर सगळा चुराच होता. बाई तो चुरा चमच्याने खात बसली. चव मात्र अशी की डोळे भरून आले. असं करणाऱ्या बायका आपलं ते लगद्यासारखं खाऊन काय म्हणतील, या विचाराने तिने चमचा खाली ठेवला. जन्मभर तोंडावर खरं बोलणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी पाचही पोचपावत्यांवर लिहिलं, "छान पोचली. एकही मोडलं नाही."

पुढचे बारा दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. मग मास्तरीणबाईंचं पाकीट आलं. बाईने ते भाचीच्या हातात दिलं. "तूच वाच. माझा चष्मा सापडत नाही." चष्मा डोक्यावरच होता.

भाची वाचू लागली. "तुमची बिस्किटं मऊ पडली होती. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, दहा मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा. कुरकुरीत झाली, संत्र्याचा वास घरभर. पण मला लिहायचंय ते वेगळंच. अकरा वर्षांत आम्ही एकमेकींची आख्खी बिस्किटं पाहिलीच नव्हती, ती यंदा तुमची पाहिली. सगळ्या चुरा खातो आणि एकही मोडलं नाही असं लिहितो. यंदा माझा खोका पोस्टाच्या पायऱ्यांवर माझ्याच हातून पडला, आत खुळखुळताना मी ऐकलं. तरी तुमची पोच तशीच आली. म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच. पुढच्या वर्षी आधी आम्हाला बांधायला शिकवा. यादी सोबत आहे."

भाची वाचायची थांबली, कारण मावशी तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती ते कळेना. यादी घेऊन तिने शेवटच्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. नाव होतं. मग उठून तिने मास्तरीणबाईंचा डबा काढला. तळाशी चमचाभर चुरा उरला होता. भाचीने हात पुढे केला, पण मावशीने तो तिला दिला नाही.