वीतभर उंचीवरचा ध्रुव

नव्वदच्या दशकात पनवेलला विद्यापीठाच्या वेधशाळेत मी तारांगणाचं काम बघायचे. रविवारी लोकांसाठी चार खेळ असत. प्रत्येक खेळाआधी यादी हातात घ्यायची: दिवे, पंखे, पडदे, ध्वनिफीत, चपला बाहेर. तिसऱ्या खेळापर्यंत घसा बसलेला असे आणि पायांत गोळे आलेले.

अशाच एका रविवारी तिसरा खेळ संपला तरी उरणचे एक म्हातारे कोळी आणि त्यांची मुलगी मधल्या खुर्च्यांवर बसूनच राहिले.

"मॅडम, आबांचं परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय," मुलगी म्हणाली. "डोले गेले तर, म्हनून घाबरलेत. त्याआधी एकदा ध्रुव बघायचा म्हनतात. बाहेरचा आता दिसत नाय त्यांना. हितला दिव्याचा, मोठा दिसतो."

"आत्ताच तर दाखवला," मी म्हणाले. बाहेर माझा चहा निवत होता.

"तो आमचा नाय," म्हातारे म्हणाले.

"आबा, ध्रुव काय दोन असतात?"

"तू गप. बाय, परत लाव."

लावला. ध्रुवावर उजेडाचा बाण ठेवला. त्यांनी हात सरळ पुढे करून बोटं फाकली, बसल्या जागेवरून करंगळी घुमटाच्या खालच्या कडेशी जुळवली.

"करंगली पान्यावर, अंगठ्यावर ध्रुव. आमच्या बंदरात एक वीत. तुमचा दोन वीत. कुठचा हाय ह्यो?"

मी बॅटरी घेऊन यंत्रापाशी गेले. गावाप्रमाणे आकाश वरखाली करणारी अक्षांशाची तबकडी यंत्र ज्या देशातून आलं तिथल्याच आकड्यावर होती. बसवल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. माझ्या यादीत ती नव्हतीच. चार वर्षं मी जवळच्या खांदा कॉलनीतल्या कुटुंबांना आणि शाळांच्या सहलींना 'हे आपलं पनवेलचं आकाश' म्हणून कुठलं तरी परकं आकाश दाखवत होते. लाज वाटायलाही अंगात त्राण नव्हतं.

तबकडी पनवेलच्या एकोणीस अंशांवर आणली. सगळे तारे घरंगळले, ध्रुव खाली उतरला. चौथ्या खेळाची माणसं दार वाजवायला लागली होती.

म्हाताऱ्यांनी पुन्हा हात पुढे करून बोटं फाकली. मुलीने कोपराला आधार दिला.

"आला," ते म्हणाले. "अंगठ्यावर आला."

दार वाजत राहिलं. मी उघडलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला.

"चल गं," ते मुलीला म्हणाले. "आता कापू दे डोले."