बुरशी, बांगड्या आनि आमचं म्हातारं

त्या दिवशी दवाखान्यात आमी एवढी मानसं हुतो : मी, माझं मालक म्हंजे आमचं म्हातारं, माझा ल्योक, चंदगडाकडनं आलेली त्याची सासू म्हंजे माझी विहीण, खाटंवर टाकं पडलेली सून, आनि काचंच्या पेटीत माझी नात. नात कसली, मुठीएवढा जीव. दिस भरायच्या आधीच आलती.

डाक्टरीणबाईनं आमाला भायेर बोलवून सांगितलं, "बाळाच्या रक्तात बुरशी झालीय. शिरेतून औषध चालू केलंय. पण बाळ फार नाजूक आहे, आत्ताच काही सांगता येत नाही."

बुरशी मला ठावं. लोणच्याला येती, शिळ्या भाकरीला येती. रक्तात कशी येती?

विहीणबाई मातूर लई हुशार. म्हनली, "आमच्यात पावसाळ्यात चपलांस्नी सुदीक येती. उनात टाकलं की जाती. पोरीला वाईच उनात धरूया काय?"

ल्योक सासूला म्हनला, "मामी, तुमी गप्प बसा की."

थोड्या दिसांनी औषध लागू पडलं, पर पोरगी वजन धरंना. सिस्टर म्हनली, कुनीतरी तिला उघड्या छातीवर घिऊन बसाय पायजे, मानसाच्या अंगाची ऊब लागती. सुनंला ताप. विहीणबाईला खोकला. ल्योक औषधापाण्याच्या धावपळीत. उरलो मी.

"आज्जी, कोपरापर्यंत हात धुवायचे. अंगठी, घड्याळ, बांगड्या, सगळं काढायचं."

"अंगठी घे. घड्याळ कवा घातलंच न्हाय. बांगड्या न्हाय निघायच्या."

"बांगड्यांखाली घाण राहते, आज्जी. तिथंच बुरशी बसते."

साबन लावून बघितला. हाताची हाडं जाड, बांगड्या सरकंनात. फोडायलाच लागनार. आनि न्हवरा जिता असताना हात मोकळं? आमच्यात तर चुकून फुटली तरी 'फुटली' म्हनत न्हाईत, 'वाढली' म्हनत्यात.

म्हातारं बाकड्यावर च्या पीत बसलं हुतं. तितनंच वरडलं, "फोड की गं! एवढी वर्सं तुझ्या हातचं खाऊन मेलो न्हाय, बांगड्यानं काय मरतोय!"

विहीणबाईनं कानावर हात ठेवलं. "पावणं, असलं अभद्र बोलू नगासा."

"मग काय बोलू? पोरगी तितं काचंत, आनि हितं तुमी माझ्या मरनाची पंचायत बसीवलीसा!"

मला लोणच्याची बरनी आठीवली. कुनी वला हात घातला तर न्हवरा असू दे न्हाईतर सून, घर डोक्यावर घेतो मी. आनि हितं एवढ्याशा जीवाला माझंच हात लागनार. म्हटलं, वाढवा. सिस्टरनं भायेरच फडकं गुंडाळून एकेक वाढीवली, मनगाटाला कुटं खरचाटलंय का बघितलं, आनि मग मी हात धुतलं.

पोरगी छातीवर ठेवली तर पाखरागत. तिच्या काळजाची टकटक मला लागायची. काचंतनं विहीणबाई दिसत हुती. एकदा बाळाकडं बघायची, एकदा म्हाताऱ्याकडं. तेवढ्यात म्हातारं शिंकलं. ती "अगं बया!" करून त्याच्याकडं धावली. मग काय, त्यानं मुद्दाम आनि चार डाव शिंकून दावलं. मला हसू आवरंना, पर हसलो तर पोरगी हलंल म्हनून दात दाबून बसलो.

अशी रोज जाऊन बसलो. पोरगी हळूहळू भरली, घरला आली. आता रांगती, आनि लोणच्याची बरनी दिसली की तिकडंच पळती. म्हातारं बी धडधाकट हाय. मी कासाराकडनं नवा चुडा भरला, पर एक माप मोठा. पायजे तवा निघतोय.

तर हे वाचनाऱ्यास्नी माझं एवढंच म्हननं हाय. पेटीतल्या बाळाला बघाय जानार असशीला, तर बांगड्या, अंगठ्या, घड्याळ घरातच काढून जावा. कोपरापतुर हात धुवा. आनि सिस्टरसंगं भांडू नगा.