बुनलोम मास्तरांची वांग्याची फुलं

बुनलोम मास्तरांचं गॅरेज माझ्या नूडलच्या गाडीला चिकटून. थायलंडातल्या आमच्या कोराट शहरातल्या निम्म्या टॅक्सींचं स्टिअरिंग या माणसाच्या हाताखालून गेलंय. चाक जड झालं की लोक म्हणायचे, मास्तरांकडे टाक. तेलाचा पंप, नळ्या, सगळं उघडून असं जमवून द्यायचे की चाक एका बोटानं वळायचं. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं शहरभर पसरलीत.

आणि मग नव्या गाड्यांतून तेलच गायब झालं. पंप नाही, नळी नाही. विजेची मोटर चाक वळवते. येईल ती नवी टॅक्सी तसलीच. आधी मास्तर हसायचे, म्हणायचे, ही चार दिवसांची थेरं. कसली थेरं नि कसलं काय! जुन्या गाड्या भंगारात गेल्या आणि मास्तर दिवसभर माझ्याच बाकावर पेपर वाचत बसायला लागले. मला त्यांच्या बसण्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर भीती वाटायची. बायको गेल्यापासून या माणसाला कामाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

एका बुधवारी म्हणाले, विरोटकडे शिकायला जातो. विरोट त्यांचाच चेला. बाजारापलीकडे त्याचं मोठं दुकान, सगळं विजेच्या स्टिअरिंगचं काम. मी म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं एकदाचं. तर म्हणे, तुझ्या परसातली वांग्याची फुलं हवीत, उद्या गुरुवार आहे. मी कपाळावर हात मारला. शिकायला बसण्याआधी गुरूला वाहायची ही मान खाली घातलेली फुलं, तीही आपल्याच चेल्याला? नुसतं जाऊन बघा की त्याच्या शेजारी उभं राहून, मी म्हटलं.

"फुलं न वाहता घेतलेली विद्या हाताला लागत नाही. मीच शिकवलंय माझ्या चेल्यांना हे," मास्तर म्हणाले.

मी सोबत गेले, एकटं सोडवेना. मास्तरांच्या अंगात इस्त्रीचा सदरा, हातात वांग्याची फुलं, दूर्वा, उदबत्त्या. विरोट गाडीखालून हात पुसत बाहेर आला. मास्तर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि हात जोडायला लागले. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"नका, मास्तर. तुमच्यासारख्या थोरानं मला हात जोडले तर माझं आयुष्य घटेल. घरात दोन लहान मुली आहेत माझ्या."

"मग मी शिकू कसा?"

"तुम्हाला आता काय शिकायचंय? इथे खुर्ची टाकतो, नुसते बसा. तुमचा आशीर्वाद दुकानाला."

त्याच्या मनात पाप नव्हतं. तरी त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं.

मास्तर उठले. हातातली फुलं कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. भिंतीवर गुरूंच्या फोटोंची फळी होती, त्या फळीशी गेले. तिथे विरोटनं मास्तरांचा तरुणपणचा फोटो लावला होता, हातात तेलाचा पंप धरलेला. पुढे ताजा हार, उदबत्तीची राख. शेजारचे बाकी फोटो मेलेल्या माणसांचे.

मास्तरांनी फुलं आपल्याच फोटोपुढे ठेवली, हात जोडले आणि माझ्याकडे वळले.

"चल," ते म्हणाले. "चांगलं काम करायचा तो माणूस."