ठाण्यातल्या कपाटातले नारळ

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की तेव्हाच्या फौजदारीणबाईंचा, म्हणजे माझाच, कान पिळावासा वाटतो.

माणदेशातल्या एका ठाण्यात मी बढतीवर आले होते. वय चाळिशीचं, अक्कल यायची होती. नवऱ्यानं मारल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायच्या ऐवजी मी समजूत काढायची. मग लोखंडी कपाटातला नारळ आणि खण काढून बाईची ओटी भरायची आणि तिला सासरी धाडायची. "संसार सांधते हो मी," असं वर मिरवायची. नारळ डझनानं आणून ठेवलेले!

एका सकाळी ठाण्यात फोन आला. "सायब, वस्तीवर या. पोरगी मरंल हितं..." एवढं बोलून बाईनं फोन ठेवला. ठाणे अंमलदारानं नंबर नोंदवला, मी डायरीत उतरवला आणि वस्ती गाठली.

सुनेचा हात सुजून दुधीभोपळा झालेला. मी तिला ओळखलं. चार महिन्यांपूर्वी तिची ओटी मीच भरली होती.

"कुणी मारलं गं?"

"न्हाणीत पाय घसरला."

"न्हाणीत पडून गळ्यावर बोटं उमटत्यात व्हय?"

तिनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला. नवरा दारातच उभा, आणि मी शहाणी त्याच्यादेखत विचारतेय! सासूला विचारलं तर ती फिस्कारली, "नवरा हाय तो. दोन दिल्या म्हणून काय झालं? आमी न्हाई खाल्ला मार?"

माझं डोकं सणकलं. ठाण्यात येणाऱ्या बायकांची कारणं ठरलेली: भाजीत मीठ जास्त झालं, उलट बोलले, न विचारता माहेरी गेले. मारणारा एक कारण देतो, मार खाणारी चार पुरवते. "तुमी तोंड उघडत न्हाई, मग आमी काय करायचं?" मी सुनेवरच खेकसले.

वैतागून सासूचा जबाब लिहायला घेतला. नाव, वय, मोबाईल नंबर. नंबर लिहिताना पेन थांबला. डायरीत सकाळच्या फोनपुढं तोच होता.

हवालदाराला सांगून नवऱ्याला जीपमध्ये बसवलं. "आवं, फोन तुमीच केलासा?"

म्हातारीनं आधी दाराकडं बघितलं. "त्याच्याम्होरं काय बोलू? म्हागल्या बारीलाबी मीच धाडली व्हती हिला. तुमी नारळ देऊन माघारी लावलीसा. त्यानं वाटंत नारळ फोडला, घरी आल्यावर हिला."

मग सून बोलली. "मॅडम, खरं सांगितलं की तुमी परत ओटी भरणार. म्हणून पडले म्हटलं."

इतकी वर्षं मी समजत होते, या बायकांना मार पटतो. त्यांना पटत नव्हता. आमच्याकडं येऊन काही होईल, हे पटत नव्हतं.

सुनेची वैद्यकीय तपासणी करून घेतली. ठाण्यात येऊन आधी सगळे नारळ हवालदारांना वाटले. "काय करू मॅडम एवढ्याचं?" "चटणी करा!" मग तिचा जबाब लिहून वाचून दाखवला.

सही करायच्या आधी तिनं कपाटाकडं बघितलं. मी उठून दोन्ही दारं उघडली. आत नुसत्या फायली होत्या. तिनं पेन मागितला.