हवेतली नोट आणि दमडूभाऊंचं ट्रम्पेट

चहा आधी संपवा, मग सांगतो. हे ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता, म्हणून म्हणतो!

पवनीत माझं कापडाचं दुकान. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. बाई पायरीवर चपला कशा काढते, यावरून ती लुगडं घेणार की नुसतीच घड्या मोडायला लावणार, हे मी गल्ल्यावरून सांगतो. असा मी हुशार! आणि याच हुशार माणसानं एका भल्या कलाकाराच्या आयुष्यातल्या एकुलत्या एक रेकॉर्डिंगची वाट लावली. तीही तोंडातून एक शब्द न काढता.

तो कलाकार म्हणजे आसगावचे दमडूभाऊ. सत्तरी ओलांडलेला माणूस, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवतो. माझ्या वरातीत त्यांनीच वाजवलं आणि माझ्या पोरीच्या लग्नातही. तरुणपणी नागपूरच्या एका हॉटेलात, गोव्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या वादकाजवळ ते जॅझ शिकले. मी एकदा विचारलं, "दमडूभाऊ, हे जॅझ म्हणजे काय?"

"सोपं हाय जी. घर तेच, पण रोज नव्या वाटेनं यायचं. वाट चुकली त दोन पावलं नाचून घ्यायचं, लोकाईले वाटते मुद्दाम केलं!"

पण वरातीत जॅझ कोण ऐकतो? तिथे सिनेमाची गाणी हवीत. म्हणून पंगत उठेपर्यंत मांडवामागे बसून दमडूभाऊ, ड्रमवाला सुखराम आणि क्लॅरिनेटवाले युनूसभाई, हे तीन जुने सोबती आपल्या मनाचं वाजवत. त्यात दमडूभाऊंनी स्वतः बांधलेली एक संथ चाल होती. मी बुंदीचा द्रोण घेऊन ऐकायला जायचो. श्रोता मी एकटाच, तोही बुंदी खाणारा.

मग दमडूभाऊंचे समोरचे दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, काढावेच लागतील. आता ट्रम्पेटची सगळी फुंक समोरच्या दातांवर ओठ टेकवून चालते. दात गेले की पुढे काय, हे डॉक्टरलाही माहीत नव्हतं. सोमवारी दात काढायचे ठरले, म्हणून त्याआधीच्या रविवारी तिघांनी आपला अल्बम रेकॉर्ड करायचं ठरवलं. जवाहरनगरच्या रस्त्यावर, तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका साहेबांच्या मुलीनं घरातच स्टुडिओ केलाय, तिथे.

मी गाडी घेऊन पोहोचवायला गेलो आणि तिथेच फसलो. दमडूभाऊ अडून बसले. "भिंतीकडे पाहून मले वाजवता नाही येत. समोर माणूस पाहिजे. शेटजीले बसवा."

रेकॉर्डिंगवाल्या मॅडमनी, म्हणजे साहेबांच्या त्या मुलीनं, मला खुर्ची दिली. "काका, फक्त एक करा. आवाज करू नका."

पहिल्याच गाण्यात माझ्या तोंडून "वा!" निघालं. रेकॉर्डिंग बंद. दुसऱ्यात मी पाय बदलला आणि खुर्ची कुरकुरली. पुन्हा बंद!

"काका, श्वास घेतला तरी चालेल," काचेमागून मॅडम म्हणाल्या, "पण हळू."

तेव्हापासून मी पुतळा. एकेक गाणं होत गेलं. शेवटी राहिली ती संथ चाल. दमडूभाऊंचा ओठ तोवर सुजला होता. म्हणाले, "एकच डाव होईल मॅडम. याच्यापुढे ओठ काही साथ देत नाही."

चाल सुरू झाली. काय सांगू! मांडवामागे भांड्यांच्या खणखणाटात ऐकलेली ती चाल त्या बंद खोलीत अशी उभी राहिली, की माझ्या डोळ्यांत पाणी. "वा" म्हणायची सोय नाही, टाळीची नाही. मग करू काय? हात आपोआप खिशात गेला. मी नोट काढली, दमडूभाऊंच्या दिशेनं हळूच ओवाळली आणि वर धरली. नोटेला आवाज असतो का? नसतो! मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

आता आमच्याकडची वरात पाहिली असेल, तर तुम्ही कपाळाला हात लावला असेल. नोट वर गेली, की बँड पुढे सरकत नाही. तीच ओळ फिरून फिरून, चढवत चढवत वाजवायची. ट्रम्पेटवाला नाचत येतो, नोट चिमटीतून काढून घेतो, ड्रमवाला 'धडाम' करतो आणि मगच गाणं पुढे. चाळीस वर्षांची सवय!

पण दमडूभाऊ नाचत येणार कसे? कानाला हेडफोन, हेडफोनला वायर. आणि मी उठणार कसा? खुर्ची कुरकुरेल ना!

तीच ओळ पुन्हा. आणखी वर. पुन्हा! मी मनात म्हटलं, व्वा, नोट पाहून गडी रंगात आले! दमडूभाऊंनी भुवया उडवल्या, म्हणजे 'द्या इकडे'. मी समजलो, 'आणखी वर धरा'. धरली. सुखराम मानेनं खुणावू लागला. मला वाटलं, डोलतोय. युनूसभाईंनी डोळे वटारले. मी ओळखलं, म्हणजे ओळखलं असं मला वाटलं, की एका नोटेत भागत नाही. दुसऱ्या हातात दुसरी नोट काढली!

दोन नोटा म्हणजे दुप्पट लय. सुखराम ड्रमवर तुटून पडला. संथ चालीची वरात झाली. दमडूभाऊंचा चेहरा वांग्याच्या रंगाचा, सूर छताला लागलेला आणि मी दोन्ही हात वर करून बसलेला, दरोडेखोरानं धरल्यासारखा!

शेवटी दमडूभाऊंनी हेडफोन फेकला, धावत आले आणि वाजवता वाजवता एका हातानं नोट ओढली. माझी बोटं घाबरून आवळलेली. त्यांनी ट्रम्पेट तोंडाचं काढलं आणि ओरडले. मग नोट सुटली. धडाम! आणि चाल तिथेच संपली.

काचेमागे मॅडम डोकं धरून बसल्या होत्या.

"पुन्हा करू ना," मी पुटपुटलो.

दमडूभाऊंनी ओठ दाखवला. एका जागी रक्त आलं होतं. "संपला जी ओठ."

"शेटजी, तुमी बुंदीच खात बसाचं होतं," सुखराम म्हणाला. जमीन दुभंगली असती तर मी खुर्चीसकट गेलो असतो.

मॅडमनी झालं ते लावून दाखवलं. दमडूभाऊ डोळे मिटून ऐकत होते. नोटेची जागा आली, सूर चढू लागले, चढतच गेले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पाहतो तर हसत होते.

"युनूस, एवढ्या वर कधी गेलो होतो का बे मी?"

"जवानीतबी नाही."

"अन् एक सांगू? सिनेमाच्या गाण्यावर लोकाईनं लय नोटा ओवाळल्या. माह्या चालीवर आजवर कोणी ओवाळली नव्हती." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "हे असंच राहू द्या. काही कापू नका."

दुसऱ्या दिवशी दात गेले. आता कवळी बसलीय, खालचे सूर येतात, वरचे अजून नाहीत. तो उंच सूर राहिला तो त्या रेकॉर्डिंगमध्येच. त्यांनी मला समोर बसवलं, एवढं सगळं झाल्यावरही जवळचं मानलं, हे माझ्यावर उपकारच.

फक्त एक अडचण झाली. 'काही कापू नका' म्हटल्यावर मॅडमनी खरंच काही कापलं नाही. चाल संपता संपता दमडूभाऊंची आरोळी साफ ऐकू येते, "शेटजी, सोडा ना आता! का जीव घेता?" आणि ते गाणं साऱ्या पवनीच्या मोबाईलवर आहे.

आता दुकानात मी भावावर अडून बसलो, की गिऱ्हाईक वाद घालत नाही. मोबाईल काढतं, गाण्याचा शेवट लावतं आणि गल्ल्यावर ठेवतं. सगळं दुकान हसतं, आणि मुकाट्यानं मला सोडावं लागतं!