राईतलं वठलेलं झाड

बायको गेल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. चुलीपुढं बसलो की उठतो, ओट्यावर बसलो की उठतो. ती असती तर म्हणाली असती, "अवो, किती येरझाऱ्या? भुई झिजंल." आता म्हणायला कोणी नाही, म्हणून राईत जातो.

राई लोणावळ्याच्या कडेला, देवाची. तिथली काडीसुद्धा घरी आणायची नाही, ही आमची रीत. लग्नाच्या वर्षी बैल हाकायला मी तिथून एक फोक आणला, तर हिनं भर पावसात माघारी पाठवलं. "ठिवून या आदी. मग भाकरी."

ती गेली ऐन श्रावणात. सरपण सगळं भिजलेलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, राईत ते वठलेलं झाड हाय. आतनं कोरडं असंल. देव काय म्हननार न्हाई."

मी म्हटलं, "देव न्हाई म्हननार. ती म्हनंल."

गोठ्याचे वासे उपसले. त्यांच्यावर तिला जाळलं.

पुढच्या उन्हाळ्यात बंगलेवाल्यांनी राईची बाग करायला घेतली. वाटा, बाकं, फुलांचे वाफे. करवंदीच्या जाळ्या तोडल्या; त्यातले ससे, रानकोंबड्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. शेकरू तेवढं वरच्या वर पळत राहिलं. एका सकाळी बघतो तर आमच्याच वाडीचे दोघे त्या वठलेल्या झाडाशी कुऱ्हाडी घेऊन उभे. खाली बाक ठेवायचं होतं, फांदी कुणाच्या डोक्यात पडायला नको.

मी बुंध्याला पाठ लावून बसलो.

"आबा, उठा. आमची मजुरी बुडंल."

"बुडू दे. हिला जाळाया घेतलं न्हाई, ते तुमच्या बाकापायी तोडू देऊ व्हय?"

दोघांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या. रीत त्यांचीही तीच. तेवढ्यात वर धनेश पक्षी आला, चोचीत उंबर. ढोलीचं तोंड लिंपलेलं, नुसती फट. आतून मादीची चोच आली, उंबर घेऊन गेली.

"बाईल कोंडून चारतोय बगा," एक जण हसला.

"हसू नगंस," मी म्हटलं.

कुऱ्हाडी खांद्यावर गेल्या. देवाच्या झाडाला हात लावणार नाही, असं त्यांनी मुकादमाला सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. बाक पलीकडं आंब्याखाली गेलं.

धनेश दिवसभर जातो-येतो, जातो-येतो. माझ्यासारखाच; पण त्याची वाट बघणारी आत आहे. थोडा वेळ बघतो, मग मला बसवत नाही. घरी येतो तर बैल ओसरीत, गोठा उघडाच. मिरगाच्या आत वासे आणायला हवेत. कुठून, ते बघीन. राईतून नाही.