मामांचा सोडा

सुरत जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मामांच्या नकळत सोड्याची एकही बाटली फुटत नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. दारूबंदीच्या राज्यात पिण्याची हौस असलेल्या माणसानं जायचं कुठे? मामा सोड्याकडे गेले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते स्कूटर काढायचे आणि बमरोलीपासून बारडोलीपर्यंत गोटी सोड्याचे बारके कारखाने धुंडाळत हिंडायचे. कारखाना म्हणजे एक खोली, एक गॅसचं मशीन आणि हिरव्या बाटल्यांच्या रांगा. मामा तिथे चपला बाहेर काढून जात. पहिला घोट तोंडात धरून ते इतका वेळ डोळे मिटून उभे राहत की ओलपाडला एका दुकानदारानं, यांना भोवळ आली असं समजून, पंखा त्यांच्याकडे वळवला होता. "नाकात झोंबला तर सोडा, नाहीतर फुगवलेलं पाणी," असा त्यांचा निवाडा असे. मोठ्या कंपनीची प्लास्टिकची बाटली घरात आली, तर ते ती कुंडीतही ओतू देत नसत. झाडानं काय पाप केलंय, म्हणत.

साऱ्या जिल्ह्यात त्यांच्या मते पहिला नंबर कडोदऱ्याच्या शांताबेनच्या आल्याच्या सोड्याचा. नवरा गेल्यावर ती एकटीच कारखाना रेटत होती. एका रविवारी मामा पोचले तर बाटल्या पोत्यांत भरलेल्या, आणि मशीन न्यायला भंगारवाला येणार होता. आता हे पितं कोण, असं ती गुजरातीत म्हणाली. माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं; ते होईपर्यंत थांबा, असं मामांनी तिला सांगितलं, आणि घरी येऊन, कुणालाही न विचारता, केटररची सगळी थंड पेयं रद्द करून टाकली.

बायकोनं दोन दिवस मामांशी अबोला धरला. माझी धास्ती वेगळी होती. आमचे व्याही नाशिकचे, बिअरचे दर्दी. कुठल्या गावात कोण ताजी बिअर बनवतो हे त्यांना तोंडपाठ. गुजरातेत लग्न कोरडंच होणार, असं ते फोनवर हसत बोलले होते. आणि त्यांच्यापुढे आम्ही ठेवणार काय, तर गोटी सोडा! मामा मात्र रोज कडोदऱ्याला जाऊन शांताबेनच्या शेजारी आलं सोलत बसत होते.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बर्फाच्या टपात बाटल्या मांडून मामा फेटा बांधून उभे. आधी कुणी फिरकेना. मग व्याही आले, चेहऱ्यावर तेच हसू. मामांनी अंगठ्यानं गोटी दाबली, फटाक् आवाज झाला आणि त्यांनी बाटली पुढे केली. व्याह्यांनी एक मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, मान झटकली गेली, हसू कुठल्या कुठे गेलं.

"कसा लागना?" मामांनी थेट आपल्या खानदेशी अहिराणीत विचारलं.

व्याह्यांनी रिकामी होईपर्यंत बाटली खाली घेतली नाही. मग म्हणाले, "आणखी एक द्या. आणि आमच्या मंडळींना हाक मारा."

पुढे टपाभोवती जी झुंबड उडाली, ती अक्षतांच्या वेळी मांडवातही नव्हती. अंगठे दुखेपर्यंत बायका गोट्या दाबत होत्या. पाठवणीआधीच बाटल्या संपल्या, आणि पांडेसऱ्याच्या एका कारखानदारानं मुलाच्या लग्नाची ऑर्डर तिथेच, टपामागे रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या शांताबेनला दिली. त्या संध्याकाळी मामा निवडणूक जिंकलेल्या उमेदवारासारखे मांडवातून हात जोडत फिरत होते. मशीन भंगारात गेलं नाही. आज तिच्याकडे लग्नसराईत आधी सांगावं लागतं.

मामांना आता डॉक्टरांनी गॅसचं पिणं बंद केलंय. रविवारी मी त्यांना गाडीतून कडोदऱ्याला नेतो. शांताबेन बाटली फोडते, मामा ती हातात घेऊन क्षणभर कानाशी धरतात आणि माझ्याकडे देतात. मी पितो. ते कसा लागना विचारतात, मी छान आहे म्हणतो. तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. ते डोळे मिटून वाट पाहत राहतात, आणि मी आणखी काय सांगता येईल ते शोधत दुसरा घोट घेतो.